मदत हवी ती रोख, आणि पेरणीच्या आधी

(भंडारा येथील जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळच्या चर्चेत एका तरुण कार्यकर्त्याने प्रश्न विचारला. प्रश्न अवघड होता, म्हणून त्याला उत्तर न देता सगळे चहाला उठले. तो म्हणाला, 'आपण वर्षानुवर्षे भीक नको, हवे घामाचे दाम अशी घोषणा देत आलो. आणि आता दोन हजारांचा हप्ता जमा झाला की नाही हे बघायला आपलेच लोक बँकेच्या दारात रांग लावतात. मग आपली घोषणा खोटी की रांग खोटी?'

आमच्या मते दोन्ही खऱ्या आहेत. त्या दोन्ही एकाच वेळी खऱ्या कशा, तेवढेच आज मांडायचे आहे. यवतमाळ, वर्धा, अमरावतीकडचे कापूस-ज्वारीवाले भाऊ आज या धानाच्या जिल्ह्यात येऊन बसले आहेत. त्यांच्या वावरातले पीक वेगळे आणि वैनगंगेकाठच्या बांधीतले वेगळे. पण घरावर संकट कोसळते तेव्हा दोघांचा संसार एकाच रीतीने मोडतो.

आधी भिकेचा हिशेब संपवू. भीक म्हणजे ज्याच्यावर आपला काही हक्क नाही ते मागणे. २०१८ साली श्रीमंत देशांच्या ओईसीडी या संघटनेने आणि दिल्लीच्या इक्रिअर संस्थेने मिळून भारतातील शेतीधोरणाचा हिशेब मांडला. २००० पासूनच्या सुमारे सतरा वर्षांची सरासरी त्यात आहे. खते, वीज, पाणी यांची सारी अनुदाने जमेला धरूनही, भाव दाबण्याच्या धोरणामुळे भारतातल्या शेतकऱ्याला मिळालेला आधार उणे निघाला. शेतीच्या एकूण उत्पन्नाच्या उणे १४ टक्के. आपण हे पूर्वीपासून सांगत होतो तेव्हा लोक हसत होते. आता समजा, पाच एकर कोरडवाहूत एखाद्याला २० क्विंटल कापूस झाला आणि ७ हजारांनी विकला, तर १ लाख ४० हजार झाले. त्याचे १४ टक्के म्हणजे १९ हजार ६००. एवढे त्याच्या खिशातून धोरणाने गेले आणि वर्षाकाठी ६ हजार परत आले, तर त्याला भीक म्हणायची की चोरीच्या मालातली थोडी परतफेड म्हणायची, ते तुम्हीच ठरवा. २०२५ चेच पाहा. २ ऑगस्टला किसान सन्मानचा हप्ता वाटला आणि १९ ऑगस्टला परदेशी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क माफ झाले. ती माफी पुढे वर्षअखेरपर्यंत वाढवली. वेचणीच्या तोंडावर बाजाराला जो इशारा जायचा तो गेला. सन्मान कशाचा झाला, सुताचा की सुतगिरणीचा?

तर हा हिशेब आपला पाठ आहे. पण आज आम्ही बोलतो आहोत ते सगळ्या शेतकऱ्यांबद्दल नाही. ज्या घरावर घाव बसला आहे त्याबद्दल बोलतो आहोत. कर्ता माणूस गेला, पूर आला, दुबार पेरणीही वाया गेली, घरात मोठे दुखणे निघाले. अशा घराला 'भाव मिळाला की सारे ठीक होईल' असे सांगणे म्हणजे बुडणाऱ्याला पोहण्याचे पुस्तक देणे. भाव मिळायला आधी पीक हवे. पीक यायला पेरणी हवी. आणि त्या घरातून पेरणीच निघून चाललेली असते.

ती कशी निघून जाते ते तुम्ही सर्वांनी आपापल्या गावात पाहिले आहे. मृग तोंडावर असतो. पहिल्यांदा घरातली ज्वारी विकली जाते, वर्षभर खायला ठेवलेली. मग शेळ्या जातात. मग बाईच्या अंगावरचा किडूकमिडूक डाग गहाण पडतो. त्यानंतर बैलजोडी. गरजवंताची जोडी बाजारात आली हे व्यापाऱ्याला दोरी पाहूनच कळते, आणि जोडीला पडत्या भावाने बोली लागते. जोडी गेली की वखरण-पेरणी भाड्याने, म्हणजे पुन्हा रोख पैसा. तो नसतो, म्हणून वावर मक्त्याने दिले जाते. मक्त्याचे पैसे आगाऊ मिळतात ते जुनी उधारी फेडण्यात जातात. पुढच्या वर्षी ते घर मालक असून मजूर असते. सातबारावर नाव, आणि निंदायला दुसऱ्याच्या वावरात.

लक्षात घ्या, या साऱ्यात जमीन गेलेली नाही. कष्ट करण्याची ताकद गेलेली नाही. अक्कल तर मुळीच गेलेली नाही. गेले आहे ते दहा-पंधरा-वीस हजारांचे खेळते भांडवल. तेही कायमचे नव्हे, मे-जूनच्या पाच-सहा आठवड्यांपुरते. त्या आठवड्यांत ते हातात असते तर जोडी दावणीला राहिली असती आणि बियाणे रोखीने आले असते. कारखानदाराचे असे झाले की त्याला बँका खेळते भांडवल देतात आणि त्याला आजारी उद्योगाचे पुनर्वसन असे भारदस्त नाव असते. कास्तकाराचे तसे झाले तर त्याला मदत म्हणतात, आणि ती द्यायची की नाही यावर समिती बसते.

समिती कशी बसते तेही पाहू. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला महाराष्ट्रात १ लाख रुपये मिळतात. हा आकडा २००६ च्या शासन निर्णयातला. त्यातले ३० हजार हातात, आणि ७० हजार ठेव म्हणून टपालात किंवा बँकेत. ठेव ठेवण्यामागचा विचार असा की, गरीब बाई, एकदम पैसे दिले तर उडवून टाकील, भाऊबंद लुबाडतील. आता टपालाच्या मासिक प्राप्ती योजनेचा २०२५ चा व्याजदर ७.४ टक्के. ७० हजारांवर महिन्याला ४३२ रुपये सुद्धा पुरे होत नाहीत, काही पैसे कमीच पडतात. ज्या बाईला जूनमध्ये वावर पेरायचे आहे तिच्या हाती तिच्याच नावाचे ७० हजार कुलुपात, आणि दरमहा चारशे एकतीस रुपये. ती मग शेजाऱ्याकडून व्याजाने घेते. स्वतःचा पैसा ७.४ टक्क्यांनी ठेवायचा आणि दुसऱ्याचा महिन्याला शेकडा पाचाने आणायचा, हा व्यवहार तिने केलेला नाही, तिच्यासाठी शासनाने केला आहे.

आणि हा १ लाख केव्हाचा? २००५-०६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव १,९८० रुपये होता. म्हणजे त्या वेळचे १ लाख म्हणजे ५० क्विंटल कापूस. २०२५-२६ चा हमीभाव ८,११०. त्या दराने त्याच १ लाखात सव्वाबारा क्विंटल येत होता. ज्वारीवाल्यांनी आपला हिशेब करावा. तेव्हा संकरित ज्वारीचा हमीभाव ५२५ होता, १ लाखाची १९० क्विंटल होत होती. २०२५-२६ ला ३,६९९ दराने ती २७ क्विंटल झाली. आमदारांचे मानधन, कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता यांना महागाई लागते. विधवेच्या एका लाखाला २०२५ सरेपर्यंत ती लागलेली नाही.

बरे, तो तरी सगळ्यांना मिळतो काय? मेलेल्याच्या नावावर कर्ज पाहिजे. ते राष्ट्रीयीकृत बँकेचे, सहकारी संस्थेचे किंवा परवानाधारक सावकाराचे पाहिजे. कृषी केंद्राची उधारी, सोयऱ्याकडून आणलेले पैसे, बिगरपरवाना सावकाराची चिठ्ठी हे कर्ज नव्हे. ज्याला बँकेने कर्ज दिले नाही म्हणून जो खासगी सावकाराकडे गेला, म्हणजे जो अधिक अडचणीत होता, तो अपात्र. या 'पात्र-अपात्र'च्या फायली जिल्हाधिकारी कचेरीत पडून राहतात तोपर्यंत मृग, आर्द्रा सारी नक्षत्रे निघून जातात.

याच्या शेजारी २०१५ सालची एक गोष्ट ठेवा. मराठवाड्यात दुष्काळ होता. नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे या दोन नटांनी पदरचे आणि लोकांचे पैसे घालून आत्महत्याग्रस्त कुटुंबांतल्या भगिनींच्या हाती १५-१५ हजारांचे धनादेश ठेवायला सुरुवात केली. त्यातूनच त्या सप्टेंबरात नाम फाउंडेशन उभे राहिले, आणि मदत विदर्भातही आली. आम्ही नटांचे भक्त नाही. १५ हजारांनी कोणाचे दारिद्र्य हटत नाही हेही आम्हाला कळते. पण त्या धनादेशाला अट नव्हती. त्यातून शेळी घ्यायची, शिलाई मशीन घ्यायचे, पोरीची फी भरायची की सोसायटीचा तगादा थांबवायचा हे त्या बाईने ठरवायचे होते. गेल्या कित्येक वर्षांत तिला कोणी काही ठरवू दिले असेल तर ते त्या दिवशी.

या उलट, दुसऱ्याने ठरवलेली मदत कशी असते ते आपल्या पश्चिम विदर्भातल्या भावांना विचारा. १ जुलै २००६ ला पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींची योजना जाहीर केली. अमरावती, अकोला, बुलडाणा, वाशीम, यवतमाळ आणि वर्धा. भंडारा त्यात नव्हता. त्यात दुभत्या जनावरांचाही कार्यक्रम होता. शेतकऱ्याला जोडधंदा पाहिजे, म्हणून संकरित गाय. कोरडवाहू मुलुखात, जिथे उन्हाळ्यात माणसाला प्यायला पाणी नाही आणि कडबा फाल्गुनातच संपतो, तिथे हिरवा चारा आणि ढेप मागणारी गाय दारात बांधली. गाय सरकारी अनुदानाची, पण तिचे खाणे शेतकऱ्याच्या खिशातून. दूध घ्यायला जवळपास संकलन केंद्र नाही. लोक म्हणू लागले, पूर्वी आमच्या घरात चार तोंडे होती, आता पाच झाली. अनेकांनी गायी विकून टाकल्या. मग साहेब म्हणाले, पाहा, यांना मदत दिली तरी टिकवता येत नाही!

धान्याच्या मदतीचेही हेच आहे, आणि इथे ज्वारीवाल्यांनी कान देऊन ऐकावे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्यांना सुकडी मिळाली, रेशनवर मिलो आला. परदेशातून आलेली ती लाल ज्वारी साठीच्या पुढचे लोक अजून विसरलेले नाहीत. त्या वेळी देशातच धान्य नव्हते, माणसे जगवायची होती. मिलोने जीव वाचले हे मान्यच केले पाहिजे. पण बाजारात ज्वारी असताना, दुष्काळ फक्त खिशात असताना, बाहेरून धान्य आणून फुकट वाटले तर काय होते? ज्याच्या घरी संकट आहे त्याचे पोट भरते, आणि शेजारच्या वावरातल्या ज्वारीचा भाव पडतो. एका कास्तकाराची मदत दुसऱ्या कास्तकाराच्या खिशातून होते. हेच पैसे त्या घराला रोख दिले असते तर त्याने शेजाऱ्याची ज्वारी घेतली असती. पैसा गावात एक फेरा मारून आला असता.

रोख मदतीचा असा एक प्रयोग आपल्याकडे चालूही झाला. त्या सहा जिल्ह्यांत आणि मराठवाड्याच्या आठ, अशा १४ जिल्ह्यांत केशरी कार्डावरच्या शेतकऱ्यांना माणशी ५ किलो धान्य दोन-तीन रुपये किलोने मिळत होते. २०२३ च्या जानेवारीपासून धान्याऐवजी माणशी महिना १५० रुपये खात्यावर द्यायचे ठरले. २०२४ पासून १७० झाले. तत्त्व म्हणून आम्ही याच्या बाजूचे आहोत. पण ५ किलोचे १७० म्हणजे किलोला ३४ रुपये, आणि तेही नियमित आले तर! ज्वारीचा नुसता हमीभावच २०२५-२६ ला किलोला ३७ होता. धान्य दरमहा ठरल्या तारखेला दुकानात दिसत होते. रोख मदत केव्हा येणार हे कोणाला विचारायचे, तेच माणसाला कळत नाही. रोख मदत चांगली, पण तिची तारीख आणि तिचा आकडा बाजाराला बांधलेला नसेल तर ती धान्य काढून घेण्याची युक्ती ठरते.

आता रोख म्हटले की लगेच एक आक्षेप येतो. शहरातून येतो तसा आपल्या लोकांतूनही येतो. 'पैसे दिले तर दारूत जातील.' हा आक्षेप ऐकून घ्यायला हरकत नाही, कारण दारूने उठलेली घरे आपल्याच गावात आहेत. पण तो खरा की खोटा हे नुसते बोलून ठरत नाही. आपल्या शेजारी मध्य प्रदेशात हे तपासून पाहिले गेले आहे. सेवा या स्त्रियांच्या संघटनेने युनिसेफच्या पैशातून २०११ साली इंदूर जिल्ह्यातल्या ८ गावांत प्रत्येक मोठ्या माणसाला महिन्याला २०० आणि मुलामागे आईला १०० रुपये दिले. वर्षभराने ते ३०० आणि १५० केले. एकूण सुमारे सहा हजार माणसे. गरीब-श्रीमंत असा भेद नाही, अट नाही, दाखला नाही. एका वेगळ्या आदिवासी गावातही तसेच केले. पैसे न मिळालेल्या तशाच गावांशी ताडून पाहिले. दारू वाढल्याचे काही दिसले नाही. दिसले ते असे की, लोकांनी बियाणे-खतावर अधिक खर्च केला, शेळ्या-कोंबड्या वाढल्या, सावकाराकडचे कर्ज कमी झाले, आणि बरीच माणसे दुसऱ्याच्या बांधावरची मजुरी कमी करून स्वतःच्या वावरात अधिक राबू लागली. पैसा मिळाला की लोक आळशी होतात म्हणणाऱ्यांनी हे शेवटचे नीट वाचावे. माणसे काम सोडून बसली नाहीत. परक्याचे काम सोडून आपले करू लागली.

आफ्रिकेतल्या केनिया देशात तर याहून मोठा प्रयोग झाला. गिव्हडायरेक्टली नावाच्या संस्थेने सियाया या शेतकरी भागात साडेदहा हजार गरीब कुटुंबांना प्रत्येकी सुमारे एक हजार डॉलर दिले. त्या भागातली ६५० च्या वर गावे अर्थशास्त्र्यांनी अभ्यासाला घेतली. एक डॉलर गावात आला तर अडीच डॉलरांची उलाढाल झाली, आणि महागाई नावापुरतीच वाढली. ज्यांना पैसे मिळाले नव्हते त्या शेजाऱ्यांची कमाईही वाढली. कारण सुतार, लोहार, दुकानदार, मजूर सगळ्यांना गिऱ्हाईक मिळाले. पूर आणि युद्ध यांनी उद्ध्वस्त झालेल्यांना मदत करणाऱ्या जगातल्या मोठमोठ्या संस्थाही धान्याच्या पोत्यांकडून हळूहळू रोख मदतीकडे वळल्या आहेत. २०१६ ला इस्तंबूलच्या परिषदेत त्यांनी तसे कबूलच केले. गरिबाला त्याची गरज त्याच्यापेक्षा जास्त कोणाला कळत नाही, हे साहेब लोकांना कळायला इतकी वर्षे लागली.

पण भावांनो, तारखेवर आम्ही एवढे का अडून बसतो? पंतप्रधान किसान सन्मान योजना २०१९ च्या फेब्रुवारीत सुरू झाली. चार-चार महिन्यांनी २ हजार, वर्षाला ६ हजार. खरिपाच्या पेरणीसाठी ज्याचा उपयोग व्हावा तो हप्ता कधी आला ते लिहून घ्या. २०२२ ला ३१ मे. वा, उत्तम. २०२३ ला २७ जुलै. २०२४ ला १८ जून. २०२५ ला २ ऑगस्ट. तोच हप्ता, तेवढीच रक्कम. ३१ मेला आला तर २ हजारांत सरकी बियाण्याची दोन पाकिटे येतात. २०२५ च्या दराने पाकीट ९०१ चे, दोनशेला दोन कमी उरतात. २ ऑगस्टला आला तर तीच दोन पाकिटे कृषी केंद्रातून उधारीने आलेली असतात आणि हप्ता उधारीवाल्याच्या गल्ल्यात जातो. रुपया तोच. एकीकडे तो भांडवल होतो, दुसरीकडे व्याज होतो. आणि हप्त्याची तारीख कशावर ठरते? मृगावर नाही, मान्सूनवर नाही. पंतप्रधानांची सभा कुठे आहे, सिमल्याला की सीकरला की वाराणसीला, यावर ठरते.

शेजारच्या तेलंगणाने २०१८ मध्ये रयतु बंधू योजना काढली तेव्हा पहिले धनादेश १० मेला वाटले. एकराला हंगामी ४ हजार. आदिलाबादचा कापूसवाला बियाणे घ्यायला रोख घेऊन निघाला आणि नदीपलीकडचा आपला कास्तकार उधारीच्या चिठ्ठ्या घेऊन. त्या योजनेतही खोट होती. दहा एकरवाल्याला, पन्नास एकरवाल्याला सगळ्यांना सरसकट, आणि कुळाला, मक्तेदाराला काही नाही. पण तारीख त्यांना कळली होती.

मक्तेदाराची गोष्ट निघाली म्हणून भंडाऱ्याच्या बोनसवर बोलतो. कापूसवाल्यांना यातून शिकण्यासारखे आहे. पूर्वी धानाचा बोनस क्विंटलमागे मिळत होता, हमीभाव केंद्रावर जो माल आणेल त्याला. आता अडलेला शेतकरी केंद्राची वाट पाहत नाही. मळणी होताच तो व्यापाऱ्याला धान देऊन मोकळा होतो. मग व्यापारी तेच धान कोणाच्या तरी सातबारावर केंद्रात घालतो आणि बोनसही खातो. म्हणजे ज्याला सर्वांत जास्त गरज, त्याला बोनस नाही. २०२२ च्या हिवाळी अधिवेशनात हे बदलले. हेक्टरी १५ हजार, दोन हेक्टरपर्यंत. पुढच्या वर्षी २० हजार. नोंदणी केली की झाले, केंद्रावर धान घाला की नका घालू. हा बदल चांगला, आणि तो या भागातल्या लोकांनी ओरडून ओरडून करून घेतला. पण पैसे येतात पुढच्या वर्षी, आणि येतात सातबारावाल्याच्या खात्यावर. बांधीत चिखलणी केली, परे काढले, रोवणी केली, कापणी केली तो ठेक्याने करणारा, आणि बोनस नागपूरला नोकरी करणाऱ्या मालकाला! ओडिशाने २०१८ च्या अखेरीला कालिया योजना आणली, त्यात भूमिहीन कुटुंबालाही शेळ्या-कोंबड्यांसारख्या धंद्यासाठी साडेबारा हजार धरले होते. आपल्याकडे जमीन नसलेला शेतकरी हा शब्दच सरकारला कळत नाही. आपल्यातल्याही काहींना तो अवघड जातो, कारण मक्त्याने देणारे आपणच असतो. तरी हे बोललेच पाहिजे.

मायबहिणींनो, आता तुमचे. लक्ष्मीमुक्तीच्या काळात गावोगाव कास्तकारांनी आपली थोडी जमीन बायकोच्या नावे करून दिली. तेव्हा लोक विचारत, कागदावर नाव लावून काय होते? आज काय होते ते दिसते. नवऱ्यामागे ज्या बाईचे नाव सातबारावर आहे तिच्या खात्यावर हप्ता येतो. जिचे नाही ती वारस फेरफारासाठी तलाठ्याकडे खेटे घालते, आणि सासर-दीर सही द्यायला तयार नसतील तर त्याची वर्षे होतात. तेवढे दिवस किसान सन्मान नाही, पीक विमा नाही, अतिवृष्टीची मदत नाही, सोसायटीचे कर्ज नाही.

आणि सरकारचे गणितही पाहा. २०२४ च्या जुलैपासून लाडकी बहीण योजनेत दीड हजार महिना. पण ज्या बहिणीला केंद्राचे ६ हजार आणि राज्याच्या नमो योजनेचे ६ हजार मिळतात तिचे ते महिन्याला एक हजार वजा करून बाकी फक्त ५०० देतात. म्हणजे वावर कसणाऱ्या बाईचे आणि वावर नसणाऱ्या बाईचे मिळून दीड हजारच. मग पेरणीसाठी म्हणून जे दिले ते कुठे गेले? घरखर्चाचा पैसा आणि पेरणीचा पैसा एकच धरणाऱ्याने कधी वखर धरलेला नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगून ठेवतो, नाहीतर उद्या कोणी म्हणेल की यांनी भावाची लढाई सोडून अनुदानाची आरती सुरू केली. मोडलेले घर रोख मदतीने पुन्हा पेरते होते. पण पेरलेले तोट्यातच जाणार असेल तर पुढच्या जूनला ते घर पुन्हा तिथेच उभे. मदतीमुळे माणूस स्वतःच्या पायावर उभा राहतो हे खरे, पण पायाखालची जमीन भावाची. कर्जमाफीही मदतच म्हणून सांगितली जाते. २००८ ची माफी दोन हेक्टरच्या अटीने आली आणि आपले सात-आठ एकरवाले कोरडवाहू पूर्ण माफीतून बाहेर राहिले, ते वेगळे. माफीचा पैसा बँकेकडून बँकेकडे जातो, शेतकऱ्याच्या हातात त्यातले बियाण्याचे एक पाकीट येत नाही. नवे कर्ज मिळाले तरच माफीचा उपयोग, आणि ते मिळायला ऑगस्ट उजाडतो.

आपले मागणे काय, ते ठरावात आले आहे. वाचून दाखवत नाही, दोन शब्दांत सांगतो. घाव बसलेल्या घराला पंधरा दिवसांत रोख, कर्ज कोणाचे होते ते न विचारता. एक लाखाचा आकडा हमीभावाशी बांधा, आणि सत्तर हजारांचे कुलूप काढा, ठेवायचे की पेरायचे ते बाई ठरवील. खरिपाचा हप्ता मेमध्ये. २०२५ च्या ऑक्टोबरात अतिवृष्टीसाठी कोरडवाहूला हेक्टरी १८,५०० जाहीर झाले, त्यातले १० हजार रब्बीच्या बियाण्यासाठी होते. ते हरभरा पेरण्याआधी किती जणांना मिळाले आणि नंतर किती जणांना, याची गावनिहाय यादी आपण स्वतः करायची. आकडे सरकारकडून मागत बसायचे नाहीत.

आणि सरकार करील तेव्हा करील. गावात आपण जे करू शकतो ते यंदाच करायचे. घरातला कर्ता गेला की तेराव्याच्या आत दोन जाणत्या माणसांनी त्या घरी जायचे. मृत्यूचा दाखला, वारसाचा अर्ज, बाईच्या नावाचे खाते, आधार जोडणी, शेतकरी ओळख क्रमांक, एवढे कागद तिला एकटीला करू द्यायचे नाहीत. त्या घराची जोडी बाजारात चालली असे कळले तर जोडी विकू द्यायची नाही. पेरणीपुरते पैसे चार घरांनी मिळून बिनव्याजी घालायचे आणि दिवाळीनंतर कापूस घरात आला की परत घ्यायचे. मोठी रक्कम लागत नाही. पाच एकराची सरकी आणि एक-दोन पोती खत, एवढीच लागते. जोडी असलेल्याने एक दिवस जोडी द्यावी.

मंडपाच्या दाराशी टेबलावर वही ठेवली आहे. आपल्या गावात गेल्या वर्षभरात असे घर कोणते झाले, वारस फेरफार झाला की नाही, हप्ता कोणत्या तारखेला आला, एवढे तीन रकाने भरून मगच जेवायला जावे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी शेजाऱ्याकडून लिहून घ्यावे. घराचे नाव गावात सगळ्यांना माहीत असतेच, ते वहीत लिहू नका, नुसता गाव आणि तालुका लिहा. तुमसर, मोहाडी आणि लाखांदूरकडच्या एसट्या लवकर सुटतात, त्यांना आधी लिहू द्या.